खंडेनवमीला पुजलेली पेटी

ती हकीकत मी अजून विसरलेलो नाही. कोणाच्या घरात शिलाई मशीन चालताना ऐकले की ती हटकून आठवते. बंदुकीच्या गुन्ह्याशी शिलाई मशीनचा काय संबंध, ते ओघात येईलच.

संस्थान विलीन होऊन तीन-चार वर्षे झाली होती आणि मी कोल्हापुरात फौजदार होतो. दरबारचा शिलेखाना, म्हणजे शस्त्रागार, बंद झाला होता. तिथले कारागीर पांगले होते. शिकारीचा नाद असलेल्या मंडळींना विलायती काडतुसे मिळेनाशी झाली होती. दुकानदाराला विचारले की तो नुसती मान हलवी. त्यामुळे रायफल बाळगणारे लोक उडवलेल्या काडतुसांची पितळी कवचे जपून ठेवत आणि ती पुन्हा भरून घेत. हे काम करणारा परवानाधारक गावात एकच होता. शिलेखान्यात हयात घालवलेला, साठीकडे झुकलेला, तापट माणूस. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. मीही तेच म्हणणार आहे, कारण नावे द्यायची नाहीत असे मी ठरवले आहे.

जोतिबाच्या रस्त्याला, गावाबाहेरच्या माळावर रायफल क्लबची जागा होती. एक दगडी शेड, पुढे मोकळे रान, टोकाला टेकडी. वर्षातून एकदा तिथे सामना होई आणि जिंकणाऱ्याकडे चांदीची ढाल वर्षभर राही. बरीच वर्षे ती ढाल गावातल्या एका नामांकित वकिलांच्या दिवाणखान्यात होती. वकील क्लबचे चिटणीसही होते. मग कुरुंदवाडकडचे एक बागाईतदार सभासद झाले. धोतर, कोट, फेटा, आणि हातात आखूड नळीची जुनी रायफल. पहिल्याच वर्षी ढाल कृष्णाकाठी गेली. दुसऱ्या वर्षीही परत आली नाही. वकिलांच्या दिवाणखान्यात भिंतीवरचा खिळा तसाच राहिला, आणि त्या खिळ्यावर त्यांनी दुसरे काही टांगू दिले नाही, हे मी पुढे स्वतः पाहिले.

चैत्रातली गोष्ट. जोतिबाच्या यात्रेच्या बंदोबस्ताला ठाण्यातली निम्मी माणसे डोंगरावर गेली होती. दुपारी क्लबचा गडी सायकल दामटत आला आणि ठाणे अंमलदाराच्या टेबलाला धरून उभा राहिला.

"वकीलसाहेबांच्या तोंडावर बंदूक उलटली," तो म्हणाला. "मोटारीत घालून दवाखान्यात न्हेलंय."

मी दोन पंच घेऊन माळावर गेलो. रायफलीची नळी शाबूत होती. काडतुसाचे बूड फाटले होते, आणि पेटलेली दारू व पितळेचे कण नळीतून पुढे जायच्या ऐवजी बोल्टच्या, म्हणजे नळी मागून बंद करणाऱ्या खिटीच्या, बाजूने मागे आले होते. उरलेली काडतुसे मोटारीच्या मागच्या पेटीत सापडली. ती हाताला चटका देत होती. उन्हात तापलेली दारू जास्त जोर करते, एवढे मलाही ठाऊक होते; पण नुसत्या उन्हाने बूड फाटत नाही. पंचनाम्यात मी दोन्ही गोष्टी लिहिल्या आणि सगळे जप्त केले.

सरकारी दवाखान्यात वकील पडून होते. उजव्या डोळ्यावर जाड पट्टी. डॉक्टर म्हणाले, डोळा वाचेल असे सांगता येत नाही. वकिलांची बुद्धी मात्र जागेवर होती. त्यांनी स्वतःच फिर्यादीचा मजकूर सांगितला, कोर्टात सांगावा तसा.

"मिस्त्रीने जाणूनबुजून दारू जास्त भरली. त्याच्यामागे बागाईतदार आहेत. सामना तोंडावर आला आहे. मी नसलो म्हणजे ढाल कोणाकडे राहील, ते तुम्हीच बघा."

"पुरावा?"

"पुरावा शोधणे तुमचे काम आहे, फौजदारसाहेब."

संध्याकाळी खबर आली. आणणारा एक सायकल दुकानदार होता. खबरीबाबत माझा एक आडाखा आहे. खबर देणारा उभ्याउभ्या बोलून निघाला तर त्याला भीती असते आणि खबर बहुधा खरी असते. तो सांगायच्या आधीच खुर्ची ओढून बसला तर त्याचा स्वतःचा काहीतरी जुना हिशेब असतो. हा गृहस्थ खुर्ची ओढून बसला, वर चहाची वाट बघू लागला.

"मिस्त्री काय बोलला ते मी माझ्या कानानं ऐकलंय," तो म्हणाला. "माझ्या दुकानाम्होरंच बोलला की. 'त्याला वेग पायजे, वेग पायजे. एक दिवस त्यो वेगच त्याला खाईल.' आसंच बोलला. वकीलसाहेबांबद्दल."

"तुम्ही पूर्वी बंदुका दुरुस्त करत होता ना?"

"करत हुतो. मिस्त्री शिलेखान्यातनं भाईर आला आनि माझी सगळी गिऱ्हाइकं घिऊन गेला. पर त्याचा हितं काय संबंध?"

संबंध होता. पण शब्द खोटे नव्हते; आणखी दोघांनी तेच ऐकले होते. मिस्त्रींना अटक करण्यावाचून मला मार्ग उरला नाही. वकील मोठे, जखम मोठी, आणि वरून विचारणा सुरू झालेली. गुन्हा शाबीत झाला असता तर मिस्त्री म्हातारपणी तुरुंगात गेले असते. सुटले असते तरी परवाना गेलाच असता, आणि परवान्याशिवाय त्यांच्या हाताला दुसरे काम नव्हते.

मिस्त्री लॉकअपमध्ये घोंगडीवर ताठ बसले होते. दिलेली भाकरी तशीच होती. मी त्यांना बाहेर घेतले आणि समोर स्टुलावर बसवले.

"मिस्त्री, दारू तुम्ही वाढवली की नाही?"

"वाढवली."

असे सरळ उत्तर मला अपेक्षित नव्हते. "का वाढवली?"

"झोपाळ्यानं सांगितलं म्हनून."

मला वाटले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. पण ते चिडले होते, वेडे नव्हते. गोळीचा वेग मोजायचे त्यांचे साधन म्हणजे हा झोपाळा. शेडच्या तुळईला चार साखळ्यांवर टांगलेली, एक मण वजनाची लाकडी पेटी. आत तालमीतली तांबडी माती.

"गोळी डोळ्यानं दिसत न्हाय, साहेब," ते म्हणाले. "तिचा जोर बघायचा तर तिला थांबवाय पायजे. तालमीची माती तेल-ताकानं मळलेली. गोळी आत रुतती, माती उधळत न्हाय. गोळी घुसली की पेटी मागं झोका घेती. पेटीला शिसपेन्सिल बांधलीया, खाली कागदाची पट्टी. झोका जेवढा लांब, तेवढा गोळीचा वेग जास्त."

"बास? एवढेच?"

"एवढंच कसं? गोळीचं वजन ठावं पायजे, पेटीचं वजन ठावं पायजे. रुतलेल्या गोळ्यांचं वजन दरवेळी पेटीच्या वजनात मिळवायचं. आनि एका गोळीवर इस्वास ठिवायचा न्हाय. धा उडवायच्या, धा खुणा बघायच्या. मग बोलायचं."

पुढची हकीकत त्यांनी अशी सांगितली. वकिलांकडे दारूचा नवा डबा आला. मिस्त्रींनी नेहमीएवढीच दारू भरून पेटीवर गोळ्या मारल्या. झोका नेहमीपेक्षा कमी आला. मिस्त्रींनी निष्कर्ष काढला, नवी दारू मंद आहे. त्यांनी थोडी वाढवली. तरी खूण मागेच. आणखी वाढवली. शेवटी पेन्सिल जुन्या खुणेवर आली, तेव्हा त्या मापाने त्यांनी सगळी काडतुसे भरून दिली.

"वाढवताना काही वेगळे दिसले नाही?"

मिस्त्रींनी बोल्ट ओढल्यासारखा हात हवेत मागे घेतला. मी वाट पाहिली. चौकशीत बोलण्यापेक्षा वाट पाहण्याला जास्त किंमत असते.

"बोल्ट जड उघडत हुता," ते अखेर म्हणाले. "काडतुसाच्या बुडाची टोपीबी चपटी झालती."

"म्हणजे जोर जास्त होतोय, हे पितळ सांगत होते."

"व्हय."

"आणि तुम्ही पितळाचे ऐकले नाही."

"पेटीचं ऐकलं. खंडेनवमीला पुजलेली पेटी हाय ती. खोटं बोलंल आसं वाटलं न्हाय." मग मान वर करून म्हणाले, "आनि खरं सांगू? वकीलसाहेब दर आयतवारी म्हनायचे, 'मिस्त्री, तुमचा झोपाळा पोरांच्या खेळातला. पुण्यात एक जण मशीनवर वेग मोजतो.' त्या मशीनचं नाव काढलं की मी हातातलं काम टाकून उठायचो. माझी पेटी चुकती हे मला कबूल करायचंच नव्हतं."

"आणि ते वेग खाईल म्हणालात ते?"

"खरंच म्हनलो. माणूस दर खेपेला जादा मागायचा. सांगून दमलो. त्याला धमकी म्हनत्यात व्हय?"

रात्रभर मी कागदावर उलटसुलट जुळवून पाहिले. माणूस खरे बोलत असेल, तर पेटी खोटे बोलली होती. पेटी खोटे कशी बोलेल, हे मला सुचेना.

ते सुचवले माझ्या हवालदाराने. तो सकाळी जोतिबाच्या बंदोबस्तावरून परत आला. टोपीपासून बुटापर्यंत गुलाल. मी म्हणालो, आधी अंघोळ कर. तो म्हणाला, आधी चहा, आणि पायरीवर बसून दुसऱ्या शिपायाला यात्रेतल्या गमती सांगू लागला.

"पाळण्यात निपाणीकडचा एक अडत्या बसला रं. ही एवढी ढेरी. पाळणंवाला ढकलतोय, ढकलतोय, पाळणा काय हलंना. शेवटाला म्हनतोय कसा, 'पावणं, तुम्ही उतरा, तुमच्या जाग्याला चौघं बसवतो.'"

शिपाई हसले. मी मात्र कप खाली ठेवला. ढकलणारा तोच, जोर तोच, पण झोका कमी. बसणारा जड होता म्हणून.

मी मिस्त्रींच्या कोठडीशी गेलो. "पेटीचे वजन शेवटचे कधी केले?"

"खंडेनवमीला."

"त्यानंतर?"

"त्यानंतर कशाला? खंडेनवमीला माती बदलतो, वजन करतो, झाकणाला लाखेची मोहर लावतो, हळदकुंकू वाहतो. पुढल्या खंडेनवमीपतूर पेटी उघडायची न्हाय, तराजूत घालायची न्हाय. शिलेखान्यातली रीत हाय."

पेटी आम्ही पंचांसमक्ष साखळ्यांवरून उतरवली आणि गाडीत घालून गुळाच्या बाजारात नेली. एवढे वजन बिनचूक तोलणारा तराजू दुसरीकडे नव्हता. अडत्यांच्या पेढीसमोर गर्दी जमली. मिस्त्रींना हातकड्यांत बघून कोणी मान फिरवली, कोणी मुद्दाम पुढे येऊन बघितले.

"साहेब, ह्या ढेपंला भाव काय काढू?" तोलाऱ्याने विचारले.

"आधी तोल, मग भाव," हवालदार म्हणाला.

रुतलेल्या गोळ्यांचे वजन धरूनही पेटी जवळजवळ चार शेरांनी जास्त भरली. मणाला चार शेर, म्हणजे दहावा हिस्सा. तोलाऱ्याने वजने बदलून पुन्हा तोलले. तेवढेच. मिस्त्रींचा चेहरा उतरला. मोजण्यातली चूक त्यांना माझ्याआधी कळली. झोका दहाव्या हिश्शाने कमी दिसला, तो भरून काढायला त्यांनी दारू वाढवली, आणि गोळीचा खरा वेग नेहमीच्या वेगाच्या तेवढा वर गेला. कवचे जुनी, पुन्हा पुन्हा भरलेली. त्यात दुपारचे ऊन. बूड फाटले.

"मिस्त्री, पेटी उघडावी लागेल."

"खंडेनवमीच्या आत न्हाय."

"नाहीतर मी उघडतो."

त्यांनी हातकडीतल्या हातांनी मोहर चाचपली. "हातकडी काढा," ते म्हणाले. "पुजा मी केली हुती. मोहरबी मीच तोडतो."

लाखेची मोहर अखंड होती, ते पंचांनी पाहिले. मिस्त्रींनी ती तोडली, झाकण काढले. माती बसून वर चार बोटे पोकळी झाली होती. पुढच्या फळीच्या वरच्या अंगाला चुकीच्या जागी लागलेल्या गोळीचे एक जुने भोक होते. त्यात लाकडी खुंटी मारलेली होती. नेमक्या त्या भोकाच्या खाली, मातीवर, शिशाच्या छर्ऱ्यांचा ढीग होता. बारा बोअरच्या बंदुकीच्या काडतुसात असतात तसे बारीक छर्रे.

माझ्या मनात एक गोष्ट लगेच पक्की झाली. मिस्त्रींना वजन वाढवायचे असते तर त्यांनी झाकण उघडून माती भरतानाच वाढवले असते, मोहर त्यांचीच. भोकातून कागदाच्या सुरळीने छर्रे ओतणारा माणूस मोहरेला हात लावू शकत नव्हता. आणि झोका वजनाने कमी होतो, हे त्याला पक्के ठाऊक होते.

शेडची किल्ली चौकटीवर ठेवलेली असे, हे सगळ्या क्लबला माहीत होते. म्हणून मी बागाईतदारांना बोलावले. ते सकाळच्या गाडीने आले, फेटा काढून मांडीवर ठेवला आणि मला आधीच सांगून टाकले, "छर्ऱ्याचं मला काय म्हायती न्हाय. मी मिस्त्रीकडं काडतुसं गड्याकरवी धाडतो. शेडात सामन्याच्या दिवशीच पाय ठिवतो."

"तुमची काडतुसे कधी भरली?"

"सक्रांतीच्या आधी. जुन्या डब्यातली दारू. आता सामन्यासाटनं पुढल्या हप्त्यात परत भराय द्यायची हुती."

मी पेटीतले छर्रे काढून, वजन बरोबर करून, त्यांची उरलेली दहा काडतुसे मिस्त्रींकडून पेटीवर उडवून घेतली. मला दोन गोष्टी पाहायच्या होत्या. एक, त्यांच्या गोळीचा वेग किती. दुसरे, मिस्त्रींचा हात खरेच तेवढा चोख आहे का.

वेग पाहून मला आश्चर्य वाटले. वकिलांच्या नेहमीच्या काडतुसांपेक्षा तो बराच कमी होता. पण दहाच्या दहा खुणा तांदळाच्या एका दाण्याने झाकल्या जातील एवढ्या जवळ होत्या. वकिलांची जुनी पट्टी मिस्त्रींनी शेजारी ठेवली. तिच्यावरच्या खुणा पुढे होत्या, पण अंगठ्याच्या नखाएवढ्या पसरलेल्या.

"वकीलसाहेब दर खेपेला गोळी बदला, दारू बदला," मिस्त्री म्हणाले. "हात बसणार कसा?"

"तुम्ही कमी वेग का मागितला?" मी बागाईतदारांना विचारले.

"आखूड नळी हाय माझी. तिला जादा दारू झेपत न्हाय, नुसता आवाज करती. मला वेग नगं, मला एकसारखं पायजे. परत्येक गोळी एकाच वाटंनं गेली की बास."

अजूनही माझ्याकडे छर्रे ओतणारा माणूस नव्हता. नियमाप्रमाणे फिर्यादीच्या घरची बाकीची काडतुसे जप्त करायची राहिली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी मी वकिलांच्या घरी गेलो. बाई शिवणावर बसल्या होत्या. नवरा दवाखान्यात, आणि हात रिकामा ठेवला की मन सैरभैर होते, असे म्हणाल्या. मी कपाटातली काडतुसे मोजून घेतली. रायफलीची होती. बारा बोअरचे एकही नव्हते.

"दुनळी बंदुकीची काडतुसे संपली वाटते?"

"असतील की. मी त्या कपाटाला हात लावत नाही," त्या म्हणाल्या. "त्या ढालीपायी घर विटलंय माझं. त्या बागाईतदारांचं नाव निघालं की हे ताटावरून उठायचे. रात्री झोपेत म्हणायचे, 'आवाज ऐकलास?' कसला आवाज, ते मला कधी कळलं नाही."

त्यांनी मशीनचे चाक फिरवले. मशीन जागचे न हलता चालत होते. घरातली फरशी उंचसखल. माझ्याच घरी मशीन नाचत असे. मी खाली पाहिले. चारही पायांखाली गोल, जाड, नमद्याच्या, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या, चकत्या होत्या.

बारा बोअरच्या काडतुसात दारू आणि छर्रे यांच्यामध्ये अशी चकती असते. बार उडाला की ती बाहेर पडते, काळी पडते, कडेने जळते. या चकत्या कोऱ्या होत्या. न उडवलेले काडतूस कापल्याशिवाय कोरी चकती हाताला लागत नाही.

"ह्या कुठून आणल्या, बाई?"

"यांनीच दिल्या. मागे काडतुसं फोडत बसले होते. मी म्हणाले, मशीन हलतंय, तर म्हणाले, ह्या घाल खाली." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांचे चाक थांबले. "का हो? काही चुकलं का?"

"तुमचे काही चुकले नाही," मी म्हणालो, आणि ते खरे होते.

दवाखान्यात मी दोन चकत्या आणि मूठभर छर्रे वकिलांच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवले. त्यांनी उघड्या डोळ्याने पाहिले, मग हाताने चाचपले.

"तिने सांगितलं?"

"त्यांना काहीच ठाऊक नाही. मशीन हलत होते, एवढेच त्या म्हणाल्या."

त्यांनी छर्रे एकेक करून स्टुलाच्या कडेला सरकवले.

"फौजदारसाहेब, त्यांचा बार तुम्ही ऐकला आहे? आवाज कसा फाटतो, ऐकलंत? माझ्या गोळीचा तसा कधी येत नाही. मिस्त्रीला शंभरदा विचारलं, त्यांना किती वेग देता? म्हणे, एका गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्याला सांगत नाही. माझी दारू वाढवा म्हटलं, तर म्हणे, झोपाळा पुरे म्हणतो. दर रविवारी तो मला झोपाळ्याचा हिशेब समजावून सांगायचा. मग मी ठरवलं, झोपाळ्यालाच थोडं कमी बोलायला लावू. म्हणजे तो आपणहून वाढवेल."

"पुढच्या आठवड्यात बागाईतदारांची काडतुसे त्याच पेटीच्या मापाने भरली जाणार होती. त्यांनाही इजा झाली असती."

"छर्रे काढून घेणार होतो. आत जाताना गेले, बाहेर येईनात."

"म्हणून तुम्ही गप्प राहिलात. आणि मिस्त्रींना कोठडीत घातलेत."

कायदा त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होता. मी त्यांना पेटीवर घेतलेल्या चाचणीचे सांगितले. बागाईतदारांचा वेग तुमच्यापेक्षा कमी आहे. आवाज आखूड नळीमुळे मोठा येतो. ते जिंकतात ते एकसारखेपणामुळे. त्यांनी ऐकून घेतले आणि तोंड भिंतीकडे केले.

फिर्याद गैरसमजातून झाली असा अहवाल कोर्टात गेला, त्यालाच आम्ही ‘सी’ समरी म्हणतो. वकिलांवर खोट्या फिर्यादीचा खटला भरावा असे मी लिहिले होते. वरिष्ठांनी गेलेला डोळा पाहून कडक समज दिली आणि वकिलांचा बंदुकीचा परवाना काढून घेतला. मिस्त्री सुटले तेव्हा मी त्यांना सोडायला लॉकअपच्या दारापर्यंत गेलो. बाहेर बागाईतदार उभे होते, त्यांना न्यायला. बागाईतदारांना सगळे कळले होते.

"मिस्त्री माप सांगत न्हाईत ते बरोबरच हाय," ते मला म्हणाले. "पर वकीलसाहेबांनी मला इचारलं आसतं तर मी सांगितलं आसतं. कुनी इचारलंच न्हाय."

सामना पुढे ढकलून पावसाळ्याआधी झाला. मी साध्या वेषात गेलो होतो. शेडमध्ये मिस्त्री पेटीखाली तराजू लावून बसले होते. मी विचारले, रीत मोडली? ते म्हणाले, "पुजा वर्सातनं एकदा. वजन रोज."

त्या दिवसापासून प्रत्येक गुन्ह्यात मी एक प्रश्न वाढवला. फिर्यादीवर कोणाची नजर होती, हे सगळेच विचारतात. फिर्यादीची स्वतःची नजर कोणावर खिळली होती, तेही मी विचारू लागलो. पुष्कळदा उत्तर तिथेच सापडले.

पण तपासाने सगळे सुटत नाही, हेही मी त्याच दिवशी शिकलो. वकील आले होते. काळा चष्मा, सावलीत खुर्ची. बागाईतदारांचा पहिला बार झाला आणि माळावर आवाज घुमला. गोळी मधोमध लागली. वकिलांनी निशाणाकडे पाहिलेही नाही. ते शेजारच्या माणसाकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "ऐकलात आवाज? काहीतरी वेगळं आहेच."